खाट, पद आणि कार्यक्रम : रत्नागिरीच्या निमित्ताने मानसिक आरोग्यसेवेच्या शासकीय परिभाषेचे परीक्षण

कोकणात एखाद्याच्या वागण्यात फार विपरीत काही दिसू लागले, तर ‘याला रत्नागिरीला दाखवून आणा’ असे म्हणण्याची जुनी रीत आहे. मुंबईच्या बाजूस हेच काम ‘ठाणे’ हा शब्द करतो, आणि पुण्याकडे ‘येरवडा’. गावाचे नाव रोगाचे नाव व्हावे, ही लक्षणा भाषाभ्यासकास नवी नाही. परंतु तिच्या मुळाशी एक अगदी साधी व्यावहारिक गोष्ट आहे, तिकडे सहसा लक्ष जात नाही. मनाच्या आजारावर सरकारी उपाय मिळण्याचे ठिकाण लोकांच्या अनुभवात एकच होते, आणि तेथे माणसाला न्यावे लागे. उपाय माणसाकडे येत नसे. ‘नेणे’, ‘पाठवणे’, ‘ठेवणे’, ‘सोडवून आणणे’ ही या विषयातील लोकभाषेची क्रियापदे होत. सारी प्रवासाची आणि ताब्याची आहेत.

रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६ सालचे आहे. त्याच वर्षी ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा यासही सरकारने याच गावी आणून ठेवले. पुढे १९२४ पासून सावरकरांची स्थानबद्धताही येथेच झाली. या गोष्टींचा परस्परांशी कार्यकारणसंबंध जोडण्याचे कारण नाही. तथापि मुंबईच्या राज्यकर्त्यांच्या नकाशात रत्नागिरी हे ‘दूर ठेवण्याचे’ गाव होते एवढे त्यावरून दिसते. त्या काळी लागू असलेला १८५८ चा कायदा आश्रयगृहांचा होता. त्याचा सारा भर माणसास आत घेणे व बाहेर सोडणे यांच्या रीतीवर होता. १९२० साली सरकारने ‘असायलम’ हा शब्द टाकून ‘मेंटल हॉस्पिटल’ हे नाव स्वीकारले. मराठीत ‘वेड्यांचे इस्पितळ’ जाऊन यथाकाल ‘मनोरुग्णालय’ आले. नाव बदलले, तरी ‘ल्यूनसी’ या शब्दावर उभारलेला १९१२ चा कायदा मात्र १९८७ चा कायदा १९९३ साली अमलात येईपर्यंत चालूच राहिला. पाटी पालटून सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी दप्तर जुनेच होते.

हे येथे सांगण्याचे कारण असे, की मानसिक आरोग्याच्या भाषेची चर्चा निघाली म्हणजे आपल्याकडील विद्वान आणि कार्यकर्ते बहुधा नावांपाशी येऊन थांबतात. ‘वेडा’ म्हणू नये, ‘मनोरुग्ण’ म्हणावे. आता ‘मनोरुग्ण’ही नको, ‘मानसिक आजार असलेली व्यक्ती’ म्हणावे, इत्यादी. या आग्रहात सद्भावना आहे, आणि तो सर्वथा निरर्थकही नाही. पण नावाच्या बदलाला पैसा लागत नाही, ही त्याची खरी सोय आहे. ज्या शब्दांनी पैसा आणि माणसे यांची वाटणी होते, ते शब्द निराळेच आहेत. ते अपमानास्पद नाहीत, म्हणून कोणाच्या नजरेस खुपत नाहीत.

शासकीय मराठीवर टीका करणे ही तर आपली जुनी करमणूक होय. १९६२ साली ‘पदनाम कोश’ प्रसिद्ध झाला, तेव्हा आचार्य अत्रे यांनी त्यास ‘बदनाम कोश’ म्हटले आणि महाराष्ट्र हसला. त्या टीकेचा रोख शब्दांच्या काठिण्यावर होता. वस्तुतः कठीण शब्द वापराने सोपे होतात. ‘महापौर’, ‘नगरसेवक’, ‘अर्थसंकल्प’ आज कोणाला अडत नाहीत. आरोग्य खात्यातील ‘समाजसेवा अधीक्षक (मनोविकृती)’ हे पदनाम ऐकून बाहेरच्या माणसास हसू येईल खरे, कारण कंसातील शब्द कामाला लागतो की अधीक्षकाला, हे व्याकरण सांगत नाही. पण या पदावरील मनुष्य रुग्णाच्या घरी जाऊन त्याच्या भावाची समजूत घालीत असेल, तर नाव कसेही असेना, काम चालते. दोष शब्दाच्या कानाला लागण्यात नाही. शब्दांच्या परस्परसंबंधात, म्हणजे परिभाषेच्या रचनेत, तो शोधला पाहिजे.

या रचनेतील सर्वांत महत्त्वाची जोडी ‘संस्था’ आणि ‘कार्यक्रम’ ही होय. रत्नागिरीचे मनोरुग्णालय ही संस्था आहे. तिला इमारत आहे, मंजूर खाटा आहेत, त्या खाटांवरून ठरलेला आकृतिबंध आहे, आणि तिचा खर्च राज्याच्या अर्थसंकल्पात वर्षानुवर्षे आपोआप पुढे सरकतो. याउलट, गावोगाव जाऊन करावयाची सेवा हा ‘कार्यक्रम’ आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली आला. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्यकेंद्रांच्या डॉक्टरांकडून व कर्मचाऱ्यांकडून ही सेवा करून पाहिली, आणि त्या अनुभवावर १९९६ साली जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम चार जिल्ह्यांत सुरू झाला. आज देशातील साडेसातशेहून अधिक जिल्ह्यांसाठी तो मंजूर आहे. परंतु जवळजवळ तीस वर्षे उलटूनही त्याचे नाव कार्यक्रमच आहे. मराठीत कार्यक्रमाला आरंभ आणि शेवट असतो. हळदीकुंकवाचा कार्यक्रम असतो, सत्काराचा असतो. कार्यक्रम ‘पार पडतो’. संस्था पार पडत नाही, ती चालते. शासकीय व्यवहारातही या शब्दाचा अर्थ याहून फार वेगळा नाही. कार्यक्रमाला निधी ‘प्राप्त’ व्हावा लागतो, त्यातील केंद्राचा वाटा साठ व राज्याचा चाळीस टक्के, आणि तो राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या मंजुरीवर दरवर्षी अवलंबून असतो.

दुसरा शब्द ‘खाट’. महाराष्ट्रातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या मंजूर खाटा अशा सांगितल्या जातात : येरवडा २,५४०, ठाणे १,८५०, नागपूर ९४० आणि रत्नागिरी ३६५, एकूण ५,६९५. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ११ कोटी २३ लाखांच्या वर होती. म्हणजे सुमारे वीस हजार लोकांमागे एक खाट. १९४६ साली भोर समितीने हिंदुस्थानात चाळीस हजारांमागे एक आणि इंग्लंडात तीनशेंमागे एक असे प्रमाण नोंदवून खेद प्रकट केला होता. हे आकडे शेजारी ठेवले, की पहिला मोह होतो तो खाटा वाढवा असे म्हणण्याचा. पण इंग्लंडने पुढे त्याच खाटा मोठ्या प्रमाणावर कमी केल्या, आणि आज कोणीही जाणता मानसोपचारतज्ज्ञ खाटांची संख्या हे मानसिक आरोग्याचे माप मानीत नाही. मग माप कोणते? येथे परिभाषा मुकी होते. खाट मोजता येते. तिच्यामागे किती परिचारिका, किती कक्षसेवक, किती डॉक्टर, हे सांगता येते. मंडणगडच्या एखाद्या वाडीत औषध घेत घरी राहिलेला, शेतावर जाणारा माणूस कोणत्या मापाने मोजावयाचा? त्याच्यासाठी एकक नाही, आणि ज्याला एकक नाही त्याला आकृतिबंधात जागा नाही.

कार्यक्रमाने एक एकक घेतले आहे, ते म्हणजे ‘जिल्हा’. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळातील मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एका जिल्ह्यास वर्षाला ८३.२ लाख रुपयांपर्यंत साहाय्य, आणि एक पथक : मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ता, परिचारिका, नोंदी ठेवणारे कर्मचारी. हा शब्द किती फसवा आहे हे साध्या भागाकाराने कळते. २०११ साली पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाखांवर होती, रत्नागिरीची १६ लाख १५ हजार, सिंधुदुर्गाची साडेआठ लाख. पूर्ण रक्कम मिळाली असे धरले, तरी पुण्यात दर माणशी वर्षाला अठ्ठ्याऐंशी पैसे, रत्नागिरीत पाच रुपये, सिंधुदुर्गात पावणेदहा रुपये पडतात. एवढ्यावरून कोकण भाग्यवान ठरेल. पण भागाकारात अंतर येत नाही. मंडणगड, दापोली, खेड, गुहागर, चिपळूण, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा, राजापूर असे नऊ तालुके खाड्यांनी आणि घाटांनी एकमेकांपासून तोडलेले आहेत. मंडणगडच्या टोकाहून रत्नागिरीस येऊन औषध घेऊन परत जाणे यात दिवस मोडतो. सोबत येणाऱ्याचाही मोडतो. घरचा कर्ता पुरुष मुंबईस आणि गावी म्हातारी माणसे व बायका, हे कोकणातील जुने चित्र अजून पुसलेले नाही. २०११ सालीही या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. म्हणजे सोबत येणारे माणूसच दुर्मिळ. एका पथकाने नऊ तालुके करावयाचे म्हटले, तर ते ‘शिबिर’ या रूपानेच होणार. शिबिर हा मूळचा सैन्याच्या तळाचा शब्द. तळ पडतो आणि उठतो.

आता ‘पद’. या शब्दाभोवती शासकीय मराठीने एक पूर्ण वाक्यरचना विकसित केली आहे. पद ‘निर्माण’ होते, ‘मंजूर’ होते, ‘भरले’ जाते, ‘रिक्त’ राहते, ‘व्यपगत’ होते. मंजूर आणि भरलेले यांतील वजाबाकी ती रिक्त पदे, आणि वृत्तपत्रांतील सारी ओरड या वजाबाकीविषयीच असते. ती रास्तच आहे. पण तिच्यामुळे मूळ आकड्याविषयी प्रश्न विचारणे मागे पडते. २०२३ साली संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने देशात लाख लोकांमागे पाऊण मानसोपचारतज्ज्ञ असल्याचे नमूद केले, आणि इष्ट प्रमाण तीन हे सांगितले. पाऊण या सरासरीने रत्नागिरी जिल्ह्यास बारा मानसोपचारतज्ज्ञ हवेत, इष्ट प्रमाणाने अठ्ठेचाळीस. आणि जिल्हा कार्यक्रमाच्या पथकात मंजूर आहे एक. ते एक पद भरले, की कागदावर रिक्त पदे शून्य. ‘सर्व पदे भरलेली आहेत’ हे वाक्य तेव्हा अक्षरशः खरे असेल, आणि तरीही त्यातून सत्य कळणार नाही. तो एक तज्ज्ञ रजेवर गेला वा बदलून गेला, तर ‘अतिरिक्त कार्यभार’ हा शब्द तयारच असतो. शून्याचा एक करण्याची अशी युक्ती दुसऱ्या कोणत्याही भाषेत क्वचितच असेल.

मनोरुग्णालयातील कर्मचाऱ्यास ‘वेतन’ मिळते. कार्यक्रमातील कंत्राटी कर्मचाऱ्यास मिळते ते ‘मानधन’. हा शब्द मराठीत मोठा प्रतिष्ठित आहे. वृद्ध साहित्यिकांस आणि कलावंतांस शासन मानधन देते. त्यात श्रमाचे मोल करावयाचे नसून मान राखावयाचा असतो. तोच शब्द बी.ए., एम.एस.डब्ल्यू. होऊन दिवसभर एस.टी.ने फिरणाऱ्या समाजकार्यकर्त्यास लावला, की त्याच्या श्रमाचे मोल करण्याची जबाबदारी शब्दानेच टळते. मानधनाला वेतनश्रेणी नसते, निवृत्तिवेतन नसते. कराराची मुदत वर्षाच्या आत संपते आणि पुन्हा सुरू होते. आशा तर याहून एक पायरी खाली. ती ‘स्वयंसेविका’, तिला कामागणिक ‘मोबदला’. २०२३ च्या अखेरीस राज्यातील राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी कर्मचाऱ्यांनी सेवेत कायम करण्यासाठी संप केला, तो या शब्दव्यवस्थेविरुद्धच होता असे म्हणता येईल. मनाच्या आजाराच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. हिवतापाची गोळी देणारा हात बदलला तरी गोळी तीच. येथे मात्र रुग्णाने आपले आतले बोलणे कोणापाशी तरी काढलेले असते. तो माणूस अकरा महिन्यांनी गेला, तर नव्यापाशी ते पुन्हा काढावयास बहुतेक रुग्ण तयार होत नाहीत.

‘तरतूद’ या शब्दाबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. घरात तरतूद म्हणजे बाजूला काढून ठेवलेला पैसा. अर्थसंकल्पात तरतूद म्हणजे केवळ अंदाज. केंद्राने राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या नावे २०१८-१९ साठी पन्नास कोटी आणि पुढील वर्षी चाळीस कोटी रुपये दाखविले; सुधारित अंदाजांत ते दोन्ही वर्षी पाच कोटींच्या आसपास उतरले. जिल्हा कार्यक्रमाचा पैसा आरोग्य अभियानाच्या दुसऱ्या शीर्षाखालून जातो, त्यामुळे या आकड्यावरून सर्वच सेवेचे मोजमाप करणे अन्यायाचे होईल. अनेक टीकाकारांनी ते केले आहे. परंतु शीर्षाच्या नावात ‘मानसिक आरोग्य’ असणे आणि पैसा दुसऱ्याच शीर्षाखाली असणे, यामुळे नागरिकाला हिशेब मागताच येत नाही, हेही तितकेच खरे. २०२२ च्या १० ऑक्टोबरला ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनीसेवा सुरू झाली, आणि २०२३-२४ साठी तिच्या नावे १३४ कोटींच्या जवळपास तरतूद दिसली. दूरध्वनीचे केंद्र ही एका जागी बसणारी, मोजता येणारी वस्तू आहे, एक प्रकारची खाटच. पैसा तिच्याकडे सहज वाहतो.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा ७ एप्रिल २०१७ रोजी संमत होऊन २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याची भाषा या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. कलम १८ सेवा मिळण्याचा हक्क देते, आणि जिल्ह्यात किमान सेवा नसेल तर रुग्णाने अन्यत्र घेतलेल्या उपचाराचा खर्च शासनाने द्यावा असे सांगते. येथे कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापद आज्ञार्थी आहे. कलम १९ समाजात राहण्याचा हक्क सांगते. केवळ घरचे घेत नाहीत, घर नाही वा बाहेर सोय नाही म्हणून कोणास रुग्णालयात ठेवू नये, असे ते बजावते. मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या जनहित याचिकेत राज्यातील मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षे राहिलेल्या अशाच लोकांचा प्रश्न उपस्थित झाला. पण ती बाहेरची सोय केव्हा व्हावी? वाजवी कालावधीत. आणि माणसांचे काय? कलम ३१ म्हणते, लोकसंख्येच्या प्रमाणात तज्ज्ञांची संख्या आंतरराष्ट्रीय मानकापर्यंत नेण्याचे प्रयत्न दहा वर्षांत करावेत. मुदत नेमकी आणि क्रियापद ढिले, असा हा विलक्षण संयोग आहे. दहा वर्षांत संख्या गाठावयाची नाही. दहा वर्षांत प्रयत्न करावयाचे आहेत. ते केले असे म्हणण्यास काही पुरावा लागत नाही. मराठी शासनव्यवहारात याला ‘-ण्यात येईल’ या कर्त्याविना चालणाऱ्या रूपाची जोड मिळते : पदे भरण्यात येतील, निधी उपलब्ध करून देण्यात येईल. कोण भरील, कोण देईल, हे वाक्यात नाही.

कोणी म्हणेल, एवढे तज्ज्ञ आणावयाचे कोठून? प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर रत्नागिरीपासून फार दूर नाही. गोव्यातील प्राथमिक आरोग्यकेंद्रांत व खाजगी दवाखान्यांत ‘मानस’ या नावाने एक प्रयोग झाला (वरील दूरध्वनीसेवेशी त्याचा संबंध नाही). तज्ज्ञ नसलेल्या स्थानिक पदवीधर स्त्रियांना सुमारे दोन महिन्यांचे शिक्षण देऊन समुपदेशक म्हणून नेमले, मागे मानसोपचारतज्ज्ञाची देखरेख ठेवली. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सरकारी केंद्रांत, निदान पक्के झालेल्या रुग्णांपैकी सहा महिन्यांत बरे होणारे ६५.९ टक्के होते; ही सोय नसलेल्या केंद्रांत ४२.५ टक्के. खाजगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही. या प्रयोगाचा आपल्याकडे जो अर्थ लावला जातो तो मात्र चुकीचा आहे. तज्ज्ञाशिवाय भागते, सबब हे काम आशांवर सोपवावे, असे अनुमान काढले जाते. गोव्यातील त्या स्त्रियांना दुसरे काम नव्हते. त्या केंद्रात बसत, त्यांचे काम एकच असे, आणि चुकले तर सांगणारे कोणी होते. लसीकरण, गरोदर बायकांच्या नोंदी, क्षयरोगाचे सर्वेक्षण यांच्या यादीत शेवटी ‘मानसिक आरोग्य’ असे लिहिणे म्हणजे तो प्रयोग नव्हे.

त्या प्रयोगात रोगाच्या शास्त्रीय नावांचा बडेजाव टाळून ‘टेन्शन’ सारख्या लोकांच्या तोंडच्या शब्दांपासून बोलणे सुरू करीत, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. ‘करमत नाही’, ‘जीव घाबरा होतो’, ‘अन्न गोड लागत नाही’, ‘डोके भणभणते’ हे शब्द ज्याला ऐकू येतात, त्याला निम्मे निदान ऐकू येते. कोकणात यापलीकडे ‘बाधा’, ‘कौल’, ‘अंगात येणे’ यांचे एक निराळे शब्दविश्व आहे, आणि घाडी वा भगत त्याच भाषेत बोलतो. तो वाडीत राहतो, फीसाठी करार करीत नाही, त्याची बदली होत नाही. मालवणी किंवा संगमेश्वरी बोलणाऱ्या म्हातारीपुढे प्रमाण मराठीतील प्रश्नावली वाचणारा बाहेरगावचा कंत्राटी समुपदेशक त्याच्यापुढे किती टिकणार? पदाच्या पात्रतेत पदवी, अनुभव आणि संगणकाचे ज्ञान असते. बोलीचे ज्ञान नसते.

मनोरुग्णालय बंद करावे, असा या विवेचनाचा अर्थ नाही. तीव्र आजारात खाट लागते, आणि ३६५ खाटांची ही जुनी संस्था कोकणाला हवीच आहे. प्रश्न आहे तो खाटेवरून उठून घरी गेलेल्या माणसाचा. औषध तुटले की आजार उलटतो, हे तेथील प्रत्येक कर्मचारी जाणतो. तो माणूस ठरल्या तारखेस आला नाही, तर चौकशी कोण करणार? इंग्रजीत याला ‘फॉलो-अप’ म्हणतात, आणि मराठीत त्याला नेमका शब्द आहे, ‘पाठपुरावा’. पण शासकीय मराठीत पाठपुरावा प्रस्तावाचा होतो, धारिकेचा होतो, मंत्रालयातील देयकाचा होतो. रुग्णाचा होत नाही. रुग्णाच्या बाबतीत आरोग्य खाते इंग्रजी शब्दच वापरते. दोन अर्थांची ही वाटणी कोणी ठरवून केलेली नाही. जेथे ते काम करणारे कायम पद होते, तेथे मराठी शब्द रुजला, एवढेच.

कायद्याची दहा वर्षे २८ मे २०२८ रोजी पुरी होतील. तोवर करता येण्यासारखी गोष्ट फार अवघड नाही. समाजातील सेवेचे एकक जिल्हा न धरता तालुका धरावा. प्रत्येक तालुक्यास निदान एक समाजकार्यकर्ता आणि एक परिचारिका अशी पदे निर्माण करावीत. ती अभियानाच्या मानधनावर न ठेवता रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाच्या स्थायी आस्थापनेवर, त्याच लेखाशीर्षाखाली, वेतनश्रेणीसह दाखवावीत. रत्नागिरी जिल्ह्यापुरती ती अठरा पदे होतात.